एक जूनचे गुरुजी

आमच्या तीर्थपुरीत कुणाच्या घरी बाळ झालं, की सुईणीचे हात धुऊन होण्याआधी भुजंगराव गुरुजी वही घेऊन दारात हजर. "वार, तारीख, टायम. बराबर सांगा." पेढा दिला तर घेत नाहीत. एका आजीबाईंनी "दिवे लागले व्हते तवा" एवढंच सांगितलं, तर "कुणाच्या घरचे?" म्हणत गुरुजी सारी आळी फिरले आणि वेळ काढूनच घरी गेले.

मी त्यांच्याच शाळेत मास्तर होतो. तेव्हाचे गुरुजी निराळे. पहिलीत नाव घालायला आलेली बाई सांगायला तोंड उघडेपर्यंत ते पोराच्या नावापुढे एक जून ठोकून मोकळे. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय मोजायला सोपं. साऱ्या मुलखात हाच रिवाज. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. आणि एकदा लिहिलं की लिहिलं. "रजिस्टरात खाडाखोड बिलकुल न्हाई," हे त्यांचं पालुपद. स्वतःच्या पोराला, किसनलाही त्यांनी एक जूनलाच जन्माला घातलं.

हा किसन मामाकडे औरंगाबादला शिकायला गेला आणि फुटबॉलच्या नादी लागला. इतका, की भारताच्या सोळा वर्षांखालच्या संघात त्याची निवड ठरल्यात जमा होती. जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी परदेशी जायचं होतं. अट एकच, जन्म किसनच्या जन्मवर्षातल्या एक ऑगस्टच्या आधीचा नको. किसन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालेला, म्हणजे ऑगस्टअखेरचा. पण दाखल्यावर एक जून. कागदावर पोरगं दोन महिन्यांनी म्हातारं निघालं.

तो गावी आला. शाळेत, माझ्यासमोर, रजिस्टरावर हात ठेवून बापाला म्हणाला, "दादा, मी कवा झालो ते तुमाला तर माहीत हाय. खरं तेवढं लिहून द्या."

"आज तुझ्यासाठी खोडलं, तर उद्या सारं गाव येतं. खाडाखोड न्हाई."

मी मध्ये पडायला हवं होतं. खडूची खोकी लावत बसलो, त्याची अजून लाज वाटते.

संघ किसनशिवाय गेला. दुपारच्या एसटीनं येणारा पेपर गुरुजी स्टँडवरच उघडायचे. एकेक करत आपण सगळे सामने हरलो, शेवटचा एका गोलानं. "किसन असता तर बरोबरी व्हती, मास्तर," म्हणाले, आणि पेपर तिथंच बाकावर विसरून गेले. ती वही त्यानंतरची.

किसन जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात लागला. घरी येणं त्यानं सोडलं. पुढे काही वर्षांनी त्याला मुलगी झाल्याचं कळलं, तेव्हा गुरुजी मला सोबत घेऊन जालन्याला निघाले. वाटेत दोनदा तळहातावर रेघ ओढून पेन चालतंय का पाहिलं.

किसनच्या खोलीत बाळ झोपलेलं. गुरुजींनी वही उघडली. "वार, तारीख, टायम. बराबर सांग, बापू."

किसननं पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. वर न बघता म्हणाला, "एक जून लिहा की, गुरुजी. तुमाला कुठं विचारायची सवय हाय?"

बापाला त्यानं गुरुजी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

परतीच्या एसटीत त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं. मी पानं चाळली. गावातली सारी पोरं मिनिटासकट, मोत्यासारख्या अक्षरात. पहिलं नाव किसनचं. त्यापुढे एक जून लिहून खोडलेलं, आणि वर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, पहाटे पाच वाजून वीस मिनिटं.

सबंध वहीत तेवढीच खाडाखोड होती.