विश्वंभरशास्त्री अद्ययावत राहिले, त्याची हकीकत

श्रीलेखणी प्रसन्न. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी संवत्सर, मार्गशीर्ष वद्य तृतीया, ते सुमारास एका थोर राज्यात जे वर्तले ते कानी आले तैसे लिहितो. राज्याचे नाव कोणी पुसू नये.

त्या राज्यी बुडीत कारखान्यांचा न्याय करणारी कचेरी होती, आणि कायदा ऐसा की, कारखाना चालवावा की मोडीत विकावा हे एकशे ऐंशी दिवसांत ठरावे, न ठरल्यास मोडावा. तेथे राजश्री विश्वंभरशास्त्री निफाडकर हे नामांकित वकील होते. त्यांचा नेम ऐसा की, नवा निवाडा आला की त्याची चिठ्ठी कायद्याच्या पोथीत खळीने चिकटवावी, आणि अद्ययावत जाहल्यावाचून कचेरीत तोंड उघडू नये. मग निवाडे रोज येऊ लागले, आणि निवाड्यांवर पंडितांचे लेख, आणि लेखांवर आक्षेप, आणि आक्षेपांवर परिसंवाद. पोथी फुगोन उशीएवढी जाहली, शास्त्रीबुवांची जेवणे राहिली, तरी मागे हटले नाहीत. धन्य ती जिद्द! त्यांची अशील चिमाबाई तांबट, चाळीस कारागिरांच्या घंगाळांच्या कारखान्याची मालकीण. दिवस एकशे एकोणऐंशीवा उजाडला तेव्हा बाई येऊन म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, उद्या मुदत सरते. पाया पडते, आता तरी बोला." शास्त्रीबुवा वदले, "बाई, घाई करू नका. सकाळीच तीन निवाडे आलेत. दोन तुमच्या बाजूचे, तिसरा त्या दोघांना खोटे पाडणारा." बाई म्हणाल्या, "आणि परवा चौथा आला तर?" शास्त्रीबुवांस हा प्रश्न बहुत आवडला आणि त्यांनी तो समासात टिपून घेतला.

दुसरे दिवशी कचेरी भरली. सावकारांचे वकील कारखाना मोडा म्हणून उभे राहिले, आणि न्यायाधीशांनी पुसले, "ताजा निवाडा काय म्हणतो?" तेव्हा तेही वदले, "महाराज, आमची खळ वाळायची आहे." मग शास्त्रीबुवांकडे पाहिले. ते पोथी चाळू लागले, पान काही सापडेना. तेव्हा चिमाबाईच उठल्या. "साहेब, मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. भट्टी पेटती आहे, लग्नसराईची घंगाळं हातात आहेत, चाळीस माणसं कामावर आहेत. सहा महिने चालू द्या. नाही जमलं तर खुशाल मोडा." याहून ताजे कोणापाशी काही नव्हते, म्हणून न्यायाधीशांनी तैसाच हुकूम दिला. शास्त्रीबुवा मेल्याहून मेल्यासारखे जाहले.

मग आठा दिवसांत तो हुकूम चिमाबाई-सिद्धांत म्हणोन छापला गेला, आणि अकरा पंडितांनी त्यावर टीका लिहिल्या, आणि भट्टी पेटती म्हणजे किती पेटती, यावरून दोघांचे बोलणे बंद जाहले. शास्त्रीबुवा पोथी काखेत मारून कारखान्यात गेले आणि पुसते जाहले, "बाई, तुमच्या निवाड्यामागचे तत्त्व कोणते? कचेरीत मलाच विचारतात हो." बाई हातोडा न थांबविता म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, जरा सरा. उजेड अडवताय." शास्त्रीबुवा सरले, आणि घंगाळ पुरे होईतो तेथेच पाहात उभे राहिले. तितक्यात तिकडे दोन निवाडे आले.

एवंच भट्टी राहिली आणि चाळीस घरांच्या चुली राहिल्या. शास्त्रीबुवा हल्ली दोन निवाडे मागे आहेत. जेवण वेळेवर होते. लेखनसीमा.