लांबकान्यांच्या राजाची नजर

हिराजीमामा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून सिनेमा बघत. कमी करून नव्हे, बंद करून. गाणं असो, मारामारी असो, कुणी कुणाच्या मांडीवर प्राण सोडत असो, मामांच्या घरात चिडीचूप. आळीतली माणसं सुरुवातीला एक-दोनदा येऊन बसली आणि नायकाचे नुसते हलणारे ओठ बघून कंटाळून उठून गेली. एकानं जाताजाता विचारलं, "मामा, बटन बिघडलाय काय?"

"बटन बरा हाय," मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आवाज आला का डोले झोपतान."

तेव्हापासून आमच्या आळीत, रामवाडीत, मामांना जरा 'तसेच' म्हणून सोडून दिलं होतं. मीही दिलं असतं, पण माझी त्यांची भिंत एक होती. मी पेणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची, मूळची पुण्याची, आणि दुसऱ्याची चूक दिसली की मला मनापासून बरं वाटायचं. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायची.

मामा गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचे. फक्त डोळे. माती एकाची, साचा दुसऱ्याचा, रंग तिसऱ्याचा. सगळं झालं की मूर्ती मामांच्या पुढ्यात यायची. तोवर ती आंधळी. मामा मांडी घालून बसत, बारीक ब्रश ओठांनी टोकदार करत आणि श्वास धरून बुबुळ टेकवत. घरगुती मूर्ती असेल तर समोर पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत ती बघायला हवी, मंडळाची असेल तर उभ्या माणसाच्या. तीस वर्षं मामांची नजर कधी चुकली नव्हती, असं कारखान्याचे शेठ स्वतः गिऱ्हाइकांना सांगत.

त्यामुळे मामांना जगातल्या कुठल्याही चेहऱ्याबद्दल एकच प्रश्न पडायचा. "नजर कुठंय?" भिंतीवरच्या पुढाऱ्याच्या पोस्टरला तोच, कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला तोच. माझा पदवीदानाचा फोटो मी कौतुकानं दाखवला, तर बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, तुमची नजर घड्यालावर हाय." खरं होतं. त्या दिवशी माझी गाडी चुकत होती.

चतुर्थीनंतर कारखाना जरा निवला की मामा व्हीसीपी भाड्यानं आणत. कॅसेटी मात्र पेणच्या नव्हे. त्यासाठी ते एसटीनं रोह्याला जात, पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात सुधीर नावाच्या पोराच्या व्हिडिओ लायब्ररीत शिरत. कंपन्यांतल्या साहेबलोकांसाठी सुधीर इंग्रजी सिनेमे ठेवायचा. तिथे मामांना एक नवीन जात सापडली. इंग्रजी परीकथांत जंगलात राहणारी देखणी माणसं असतात, टोकदार कानांची, कधीच म्हातारी न होणारी. त्यांना एल्फ म्हणतात, असं मी सांगितलं. मामांनी एकदा म्हणून पाहिलं आणि चेहरा कसनुसा केला. "उलटी आल्यावानी वाटतं. आपुन लांबकाने म्हनू."

तर या लांबकान्यांच्या राजा-राण्यांनी मामांना झपाटलं. बाकी सिनेमा ते पळवत. राजा आला की थांबत.

पहिल्या कॅसेटमध्ये राजा उंच सिंहासनावर बसलेला, डोक्यावर फांद्यांचा मुकुट, आणि सगळं चित्र खालून घेतलेलं. मामा संतापले. "यो राजा दाखवलाय का नाकपुड्या?" दुसरीत राणी होती, पांढऱ्या झग्यात, मागून लखलखीत उजेड. "पाठीमागं ट्यूब लावलीय. तोंड पडलाय कालं. आमच्या शेठनी आसा गनपती इकला आसता का?" मग ते मला समजावून सांगत: राजा मोठा दाखवायचा तर हे लोक तीनच गोष्टी करतात. उंच बसवतात, उजेड मारतात, नाहीतर दोन तास हलवत नाहीत. "आवो, न हलनारा त आमचा पन आसतो. मातीचाच हाय. पन बगनाऱ्याला वाटला पायजे का हा आत्ता हलल."

मग तिसरी कॅसेट आली. तिच्यातल्या सिनेमाचं मूळ पुस्तक मला आमच्या शाळेच्या कपाटात मिळालं. मी उत्साहानं मामांना त्यातलं राजाचं वर्णन मराठीत करून सांगितलं. ते दोनच ओळींचं होतं: राजा उंच होता, चेहऱ्यावर वय दिसत नव्हतं.

"उजेड कुठून येतो तो नाय लिवला?"

"नाही."

"नजर?"

"नाही लिहिली, मामा."

मामा एकदम खुलले. "म्हंजे त्यांचा पन आपल्यावानीच. पोथीत चार हात लिवलेत, परशू लिवलाय, मोदक लिवलाय. नजर कोनी लिवलीय? ती आमच्यावं सोडलीय." सातासमुद्रापलीकडच्या कुणा सिनेमावाल्याशी त्यांचं त्या दिवशी नातं जुळलं.

ती तिसरी कॅसेट अगदी गरिबीतली होती. राजाच्या कानांना लावलेला डिंक दिसत होता. पण त्यात एक प्रसंग होता. एक वाट चुकलेला, चिखलानं माखलेला प्रवासी दरबारात आणतात. राजा सिंहासनावरून उठतो, पायऱ्या उतरतो आणि त्याच्यापुढं वाकतो. इतका वाकतो की दोघांचे चेहरे एका पातळीवर येतात. मामा तिथं कॅसेट मागे घेत, पुन्हा लावत. "यो राजा," म्हणत. त्या जागी फीत इतकी घासली की राजाच्या कपाळावरून पांढऱ्या रेघा धावू लागल्या.

मामी शेजारी बसून बघत. राजा वाकला की त्यांचं तोंड किंचित उघडायचं.

एके दुपारी मामी चहा टाकायला आत गेल्या, तसा मामांनी कधी नव्हे तो आवाज वाढवला. "बाई, हितं तो काय बोलतो, सांगा."

राजा वाकला, प्रवाशाच्या चेहऱ्याजवळ आला आणि रेशमासारख्या आवाजात म्हणाला, की याला तळघरात कोंडा आणि बोलेपर्यंत खायला देऊ नका.

मामा माझ्याकडे बघत होते. दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईनं चुका दाखवणारी मी म्हणाले, "विचारतोय, दमलास का."

"वाटलाच मना," म्हणून मामांनी आवाज बंद केला. मामी चहा घेऊन आल्या.

मामींबद्दल काय सांगू? हसऱ्या, गुबगुबीत बाई. फक्त एक सवय विचित्र. बोलताना त्या तुमच्या डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघत. पहिले सहा महिने मी त्यांच्याशी बोलून घरी आले की आरशात दात तपासायची, काही अडकलं की काय म्हणून. आणि कशालाही उत्तर एकच: "व्हय." पाठमोऱ्या मामींना मी एकदा विचारलं, "मामी, साखर आहे का?" उत्तर नाही. पुढे जाऊन विचारलं. "व्हय व्हय," म्हणाल्या आणि आतून कढीपत्ता घेऊन आल्या. आळीत त्यांना वेंधळी म्हणत. मीही म्हणायची. मामा घरी आले की उंबऱ्यावर दोनदा पाय आपटत, मगच "काय गो" म्हणत. ते मला मामांचं आणखी एक खूळ वाटायचं.

पुढच्या वर्षी सुधीरच कारखान्यात येऊन उभा राहिला. तो अष्टमीतल्या एका मंडळाचा सेक्रेटरी. पोरांनी ठरवलं होतं, यंदा गणपती लांबकान्यांच्या राजासारखा. पानांचा मुकुट, झाडाच्या मुळांचं सिंहासन, हिरवट उजेड. "कानाचा तुमाला काय काम नाय, मामा," तो म्हणाला. "आपल्याकडं मोठेच हायत."

मूर्ती झोकात झाली. मामांनी डोळ्यांना चार दिवस घेतले, एरवी एक पुरे. शेठनी येऊन बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. योगायोगानं मी तिथेच होते, शाळेच्या गणपतीचं सांगायला गेलेली.

"नजर उतरलीय, हिराजी."

ती उतरली होती. तांदळाच्या दाण्याएवढी, पण उतरली होती. मूर्ती समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत नव्हती, ओठांवर बघत होती.

"लोकांच्या तोंडात बघतोय हा! म्हणतील, देव उपाशी आहे. पूस आणि पुन्हा आख."

"नाय पुसनार."

"चुकलंय तुझं."

"चुकला नाय. केलाय."

कारखान्यातले ब्रश थांबले. तीस वर्षांत मामांनी शेठना 'नाय' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शेठ थंडपणे म्हणाले, "पुसायचं नसेल, तर मोठ्या मूर्तीचा ब्रश यापुढं दुसऱ्याच्या हातात जाईल. बघ बाबा." मामा हात गुडघ्यांखाली दाबून बसून राहिले. मला त्यांचा राग आला. एका दाण्यासाठी माणसानं आयुष्याची जागा घालवावी?

सुधीर टेम्पो घेऊन आला, तेव्हाही डोळे तसेच होते. त्यानं कंबरेवर हात ठेवून मूर्ती बघितली. बराच वेळ बघितली. मग उगाचच म्हणाला, "आईचा पाय अजून बरा नाय." कुणी विचारलं नव्हतं. स्वतःच दचकला आणि म्हणाला, "चला, उचला."

मूर्ती गेली. शेठनी शब्द पाळला. त्या दिवसापासून मामांकडे फक्त वीतभर उंचीच्या मूर्ती येऊ लागल्या.

गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी मामा, मामी आणि मी एसटीनं रोह्याला गेलो. मामांनीच बोलावलं होतं. दुपारची वेळ, सुधीरच्या मंडळाच्या मंडपात आमच्याखेरीज कुणी नव्हतं. पंख्याखाली पोरांची एक सतरंजी पसरलेली. मामी पुढे गेल्या, हात जोडले आणि बोलू लागल्या.

मोठ्यानं. मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं, मध्येच चिरकत, मध्येच खोल जात. मी त्यांच्या तोंडून दोन वर्षांत 'व्हय'खेरीज फारसं ऐकलं नव्हतं. त्या सांगत होत्या, की धरमतरचा भाऊ आता येत नाही. की गुडघा दुखतो. की आळीतल्या बाया बोलत बसलेल्या असतात, आपण जवळ गेलो की हसतात, आणि काय हसल्या ते कुणी सांगत नाही.

मी शरमून पुढे झाले. "मामी, हळू..."

मामांनी माझा हात धरला. "तिला काय कलनार, बाई? ऐकू नाय येत तिला."

मी मामींच्या पाठीकडे बघितलं.

"सात वर्सां झाली. छातीचा दुखना झाला तवा टीबीच्या सुया घेतल्या, त्यात कान गेले. कोनाला सांगू नको म्हनते. भैरी म्हनून हाक मारतील." मामा मूर्तीकडे बघत हळू बोलत होते, जणू मामींना ऐकू जाईल. "ती नाय ऐकत, त टीवीचा आवाज मी येकट्यानं ऐकून काय करू?"

मला आरशात दात तपासणारी मी आठवले, उंबऱ्यावर दोनदा आपटणारे मामांचे पाय आठवले. चुका शोधण्याचा पगार घेणारी बाई, आणि भिंतीपलीकडचं एवढं मला दोन वर्षांत दिसलं नाही. मला फार लाज वाटली. ती झाकायला म्हणून मी कबूल करून टाकलं, "मामा, त्या सिनेमात मी खोटं सांगितलं होतं. राजा दमलास का विचारत नाही. तो..."

"कोंडा म्हनतो. ठाव हाय मना." मामा हसले. "फुडच्याच शिनात कोंडतान की त्याला. मी काय आंधला हाय?"

"मग विचारलंत कशाला?"

"तुमी काय सांगता ते बगत होतो. आनि बाई, कायबी बोलला, तरी आदी वाकला ना तो?"

मग त्यांचा आवाज बारीक झाला. "सात वर्सां ती समद्यांच्या तोंडाकडं बगत बसलीय. कोन काय बोलतो, कोन काय बोलतो. म्हटला, येकदा तरी कोनीतरी तिच्या तोंडाकडं बगू दे. म्हनून दानाभर खाली उतरवला."

मी वर बघितलं. पानांच्या मुकुटाखाली, हिरव्या उजेडात, तो एवढा थोरला राजा मामींच्या ओठांकडे बघत होता. त्याची नजर कुठे आहे, हे आता मला विचारावं लागणार नव्हतं.

मामी थांबल्या. पदरानं तोंड पुसून आमच्याकडे वळल्या आणि सवयीनं माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी त्यांच्यासमोर नीट उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मामी, झालं का बोलून?"

मला वाटलं, आता 'व्हय' म्हणतील.

"नाय," मामी म्हणाल्या. "अजून हाय." आणि पुन्हा मूर्तीकडे वळल्या.

आम्ही दोघं सतरंजीवर बसून राहिलो. परतीची एसटी चुकली.