कणकेचा डायनासोर

बोडीच्या, म्हणजे आमच्या छोट्या तळ्याच्या, काठावर सापडलेली कवटी मी घरी आणली, कारण त्या दुपारी माझा साळा जेवायला येणार होता. (साळा म्हणजे कुलदीप. तुमसरला विज्ञान शिकवतो. मी तिथेच राईस मिलमध्ये कारकून.) लग्न झाल्यापासून प्रत्येक जेवणात तो मला काहीतरी समजावून सांगतो. एकदा, फक्त एकदा, मी त्याला काहीतरी समजावून सांगावं, एवढीच माझी इच्छा होती.

कवटी हातभर लांब, खालचा जबडा गायब. दात पाहून माझीच दातखीळ बसली. डायनासोरच हा! मोबाइलवर पाहिलं, तर शास्त्रज्ञ म्हणे कवटीवर आधी मातीचे स्नायू चढवतात, मग कातडी, की कोट्यवधी वर्षांपूर्वीचं तोंड समोर हजर. माती खणून आणावी लागली असती. बायकोने उलट्या मडक्यावर भाजायच्या लांब रोट्यांसाठी भिजवलेली कणीक मात्र तयार होती. ती इतकी सैल, की गाल लावला की ओघळून पाटावर यायचा. शेवटी त्यात डबाभर तांदळाचं पीठ मिसळलं.

पण काम मोठं गमतीचं होतं. या खाचेत काय अडकलं असेल? याला ओठ होते का? डोळा केवढा? भिंतीवरच्या पालीचं तोंड मी इतकं निरखलं, की तीच बिचारी ट्यूबलाइटमागे गेली.

"हे काय करून राहिले जी?" बायको, चंद्रकला, दारात उभी.

"हा प्राणी कसा दिसत होता, ते काढून राहिलो."

"हाडावरून? मंग कोंबड्याच्या हाडावरून तुरा दिसते का?"

प्रश्न खरोखरच चांगला होता. तुऱ्यात हाड कुठे असतं? म्हणजे जे जे मऊ, ते कवटी सांगतच नाही! (तरीही मी तुरा लावला नाही. पालीला कुठे असतो?)

"आन् रोट्या कायच्या करू? भाऊ येऊन राहिला माहा!"

भाऊ आला. चष्मा पुसून वाकला. "भाऊजी," तो हळूच म्हणाला, "हे कसं केलं तुम्ही?"

विचारलं! कुलदीपने मला विचारलं! माझा ऊर भरून आला. मी समजावून सांगू लागलो: सरपटणारा, मांसाहारी, कान नाहीत...

तेवढ्यात शेजारचे गोमाजी आले. "माह्या वाडीतलं डोस्कं पाह्यलं का कोणी? वांग्याले नजर लागू नये म्हणून खांबाले टांगलं होतं. वाऱ्यानं बोडीत गेलं वाटते."

बोलता बोलता त्यांना पाट दिसला. दारच्या आंब्याची दोन पानं तोडून त्यांनी माझ्या डायनासोरच्या डोक्यावर उभी खोचली.

घोडी झाली. गोमाजी पूर्वी लग्नाला भाड्याने द्यायचे, ती.

"बाप्पा!" चंद्रकला ओरडली. "हे तं आपल्या वरातीतली!"

आता मीही ओळखली. वरातभर मी तिच्या पाठीवर होतो, आणि तिथून मला दिसत होते ते फक्त कान.

कुलदीप खुर्चीवर बसून मला घोड्याचे दात समजावून सांगू लागला. चंद्रकला भात वाढत म्हणाली, "त्या घोडीले अक्कल होती जी. आमच्या दारात तुमाले पाडून मागं पळाली होती. आमीच नाही समजलो."