सरदारच्या मानेचा रंग

शेळ्यांच्या प्रदर्शनाला दोन तास उरले असताना अणदूरच्या रामहरीने आपल्या सरदार नावाच्या बोकडाच्या मानेला केसांचा डाय फासला. जातिवंत उस्मानाबादी बोकड कसा काळाकुट्ट हवा. सरदार तसा होताही, पण उन्हात चरून मानेवरचे केस तांबूस झाले होते, आणि गेल्या वर्षी तेवढ्यासाठी त्याचा पहिला नंबर हुकला होता. यंदाही हुकला तर भावकीत तोंड दाखवायची सोय नव्हती. बायको, धुरपताबाई, नको नको म्हणत होती. शेवटी बोकडाचे पाय तिनेच धरले.

परीक्षक हिंमतराव म्हणजे जनावरांचे निवृत्त डॉक्टर, भलतेच कडक. त्यांनी सरदारचे दात पाहिले, उंची मोजली, मानेवरून हात फिरवला आणि पुढे गेले. रामहरीच्या जिवात जीव आला.

घात केला तो बलभीमने. त्याचं टीव्हीचं दुकान. जाहिरातीसाठी त्याने मांडवात क्वांटम डॉटचा भलामोठा टीव्ही मांडला होता आणि सकाळी परीक्षण चालू असताना उन्हात मोबाइलवर केलेलं चित्रण तो त्यावर दाखवणार होता. या पडद्यात डोळ्यांना न दिसणारे कण असतात, कण बारीक असला तर निळा उजेड देतो, जरा मोठा असला तर लाल, म्हणून रंग अगदी खरे दिसतात, असं त्याने सांगितलं. पुढे असे पडदे चटईसारखे गुंडाळून नेता येतील, हेही सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. कळलं कुणालाच नाही.

मग पडद्यावर सरदार आला. पाठ काळी होती, पण तिच्यात तपकिरी झाक होती. मान निळीकाळी होती. दोन्हींच्या मध्ये बांध घातल्यासारखी सरळ रेघ होती. धुरपताबाईने तोंडाला पदर लावला.

हिंमतराव उठले. "रामहरी, मानंला काय लावलंय?"

बलभीमला मात्र आपल्या मालाची चुणूक दाखवायची घाई. "थांबा साहेब, आजून जवळून दावतो," म्हणत त्याने चित्र मोठं केलं. ते जरा बाजूला सरकलं. सरदारचा कान धरून खुद्द हिंमतराव उभे होते. त्यांच्या मिशा सरदारच्या मानेइतक्याच निळ्याकाळ्या होत्या आणि मुळाशी पांढरे खुंट चमकत होते.

सगळ्या मांडवाने आधी पडद्याकडे पाहिलं, मग हिंमतरावांकडे. कुणी हसलंही नाही, हेच फार वाईट झालं. हिंमतरावांनी मिशांवर हात ठेवला.

"बलभीम, त्यो टीव्ही बंद कर," ते म्हणाले. मग माइक हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं की यंदा गुण फक्त दात, उंची आणि वजनाचे, आणि पहिला नंबर सरदारचा.

रामहरी प्रमाणपत्र घ्यायला गेला. हिंमतराव त्याच्या कानाशी वाकले.

"कुठला डाय हाय रे? माझा तर आठ दिसात उडतोय."