साहेब फ्रिजात आहेत

लॅपटॉप पुण्यातच ठेवून अश्विनी माहेरी निघाली, तेव्हा नवऱ्यानं दारातच विचारलं, "आणि काम कशावर करशील?"

वरातीतल्या नवरदेवानं कट्यार धरावी, तसा तिनं मोबाइल उंचावला. "अख्खं ऑफिस या मुठीत आहे!"

खोटं नव्हतं हो! मोताळ्याच्या एसटीत, मांडीवर तीन वर्षांची संजीवनी झोपलेली असताना, तिनं बियाणे कंपनीचा सबंध विक्री अहवाल मोबाइलवर तयार केला. तोही एका हातानं! दुसरा हात लेकीच्या डोक्याखाली होता, आणि झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालचा हात काढायची हिंमत भल्याभल्यांत नसते.

ऑफिसातल्या राजकुमार सरांची अट साधी होती. सोमवारी अकराच्या मीटिंगमध्ये हा अहवाल मोबाइलवरून विनाअडथळा सादर झाला, तर मे महिनाभर माहेरून, रोहिणखेडहून काम करायचं. नाहीतर बुधवारी पुण्यात हजर!

सोमवारी अकराला स्वयंपाकघरात ऑफिस लागलं. पिठाच्या डब्यावर घडीचा की-बोर्ड, लोणच्याच्या बरणीला टेकून मोबाइल, कानात बिनवायरचे इयरफोन. अकरा दहाला मोबाइल तापला! बाहेर मे महिना, डोक्यावर टिनाचं छप्पर. तो तरी काय करणार? 'फोन फार गरम झाला आहे,' अशी पाटी पडद्यावर आली. अश्विनीनं फुंकर मारली, ओढणीनं वारा घातला, ओला फडका फिरवला. मोबाइल तव्यासारखाच!

शेवटी तिनं फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं आणि आमरसाचं भांडं यांच्या मधोमध मोबाइल उभा केला आणि दार लावून घेतलं. फ्रिज जुना, दाराचं रबर ढिलं. नेटवर्क आरामात आत-बाहेर करत होतं.

"मॅडम, तुमच्याकडे एकदम अंधार झाला?" कानात सर म्हणाले.

"वीज गेली, सर! इथं खिडकी नाही!"

"अरेरे! बरं, बोला पुढे."

ती बोलू लागली. बुलढाणा, मोताळा, नांदुरा, सगळे आकडे तोंडपाठ! इकडे बटण दाबलं की तिकडे फ्रिजात पान पुढे सरकत होतं. सरांना अहवाल मोठा दिसत होता आणि कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकटीत अश्विनीकडचा अंधार.

इतक्यात शेजारच्या जमीला चाची बर्फ न्यायला आल्या. गल्लीत फ्रिज दोनच, त्यामुळे उन्हाळ्यात ते सगळ्यांचेच. चाचींनी दार उघडलं. आतला दिवा लागला.

"आली वाटतं वीज!" सर खूश.

"बेटा, तुया मोबाइल रसापाशी काऊन..." चाची म्हणू लागल्या. अश्विनीनं ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले आणि दार लावलं.

"गेली!" सर हळहळले.

मग आई, म्हणजे पुष्पाबाई, दूध घ्यायला आल्या. आली! गेली! चाचींना बर्फ कमी पडला. आली! गेली! पुष्पाबाई दूध परत ठेवायला आल्या. आली! गेली!

"काय हो ही वीज! आणि अशात तुम्ही इतकं नीट काम करता? कमाल आहे!" सर म्हणाले. अश्विनीची मान संकोचानं खाली आणि महिनाभराची सुट्टी लागल्यासारखं मन मात्र वर!

शेवटचं पान झालं, सरांनी सगळ्यांचे चेहरे मोठे केले, आणि नेमकी तेव्हाच इयरफोनची बॅटरी संपली. आता आवाज थेट फ्रिजातून येऊ लागला.

"अश्विनी मॅडम! कुठं गेलात?"

ती धावली. पण संजीवनी रसाची रिकामी वाटी घेऊन आधीच तिथं पोचली होती. तिनं दार उघडलं.

"आजीऽऽ! रसाजवळ काका आहे!"

पुष्पाबाई आल्या. आपल्या दुधापाशी चष्मा लावलेला परका माणूस पाहताच त्यांनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

"काऊन वं अश्विने! पाहुण्याले असं फ्रिजात ठेवतेत काय? कुडकुडून राह्यले असतीन ते!"

"आई, ते पुण्यात आहेत!"

"मंग माह्या दुधापाशी काऊन दिसून राह्यले?" आणि सरांकडे वळून, अदबीनं, "चहा घेता का साहेब? गरम वाटंन जरा."

संजीवनीला काकांची जास्तच दया आली. "काका, आ करा," म्हणत तिनं चमचाभर रस थेट कॅमेऱ्याला भरवला. सरांच्या पडद्यावर पिवळंधमक!

अश्विनीनं ओढणीनं कॅमेरा पुसला.

"मॅडम, मोबाइल फ्रिजमध्ये होता?"

"हो, सर."

"आणि वीज?"

"फ्रिजचा दिवा होता, सर." अश्विनीनं मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

आणि फ्रिज हसू लागला! आधी सर, मग पुण्याची अख्खी टोळी. "इथं आमचे दोन लॅपटॉप मधेच बंद पडले," सर धापा टाकत म्हणाले. "पूर्ण झाला तो तुमचाच अहवाल. राहा मेभर! त्या छोट्या मॅडमना सांगा, रस गोड होता."

अश्विनीनं लेकीला रसाच्या हातांसकट कडेवर घेतलं आणि गरकन फिरली. "आई! महिनाभर राहते मी! रोज अकराला मीटिंग, इथूनच!"

पुष्पाबाईंनी वितळलेल्या बर्फाकडे पाहिलं, पातेलं नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. तापलेल्या मोबाइलशेजारी दूध नासलं होतं.

"राह्य ना माय, सहा महिने राह्य! नातीले तर मी जाऊच देत नाही. पण तुयं ऑफिस तेवढं पुण्याले धाडून दे. मले दूध ठेवाले जागा पाह्यजे!"