शेषरावाचा समुद्र

शेषराव कोणाच्या घरी गेला की पुढं आलेलं पाणी सरळ पीत नाही. आधी तांब्यात बोट बुडवतो, जिभेला लावतो, डोळे मिटतो आणि घरमालकाला निकाल सांगतो. तुमचं पाणी जड हाय. ह्यात चुना हाय. एकदा आमच्या पुतण्याच्या सोयरिकीला गेलो, तिथंबी बोट चाटून हा म्हणला, "न्हाई जमायचं." पाण्याचं बोलत होता, पण पोरीच्या बापाचं तोंड उतरलं. मीच समजूत घातली. असल्या माणसानं म्हातारपणी घरात समुद्र आणायचं काढलं. तेबी आमच्या मानवत गावात, जिथं नळाला पाणी कधी येईल हे नळालाबी ठाऊक नसतं.

हा माझा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आणि घराची भिंत एकच. त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही, सगळं सोसलेलं आहे. जन्मभर त्यानं शेतातल्या मोटारी बसवल्या, पाईपलाईनी टाकल्या. शाळा त्याचीबी माझ्याएवढीच, म्हणजे मास्तर मारायचा तोवर.

घरात समुद्र म्हणजे एक मोठी काचेची पेटी. तिच्यात खारं पाणी, समुद्रातले दगड, दगडांवर फुलागत दिसणारे जीव आणि थोडे रंगीत मासे. खायचे नाहीत, नुसते बघायचे. वरच्या पेटीतलं पाणी पाईपातून खालच्या पेटीत पडायचं, तिथं गाळून निघायचं आणि मोटारीनं परत वर जायचं. बस, हेच चालू. मी म्हणलं, शेषराव, हा तर नुसता घाणा झाला, वरून तेलबी निघणार नाही. तो म्हणला, "समुद्राचं काम हाय, साडभाऊ. घाई न्हाई चालत." काही इचारा, हेच उत्तर.

हे खूळ कुठून निघालं ते सांगतो, म्हणजे माझा राग खामखा नाही हे कळेल.

शेषरावाचा एकुलता पोरगा बालाजी पाथरी रोडला मोटारसायकलवर गेला. मागं सून वंदना आणि लहानगी नात, गौरी. वर्षश्राद्ध झालं आणि शेषराव सुनेसाठी स्थळ बघायला लागला. भावकीत उभा राहून मी बोललो, घरची सून सासऱ्यानं वाजवत बाहेर काढायची, ही कुठली रीत? आजबी तेच म्हणतो. त्यानं मान वर केली नाही. एवढंच म्हणला, "पोरगी हाय ती माझी. पोरगी काय घरात ठेवायची असती?" रत्नागिरीकडचा एक माणूस मिळाला, त्याचीबी बायको वारलेली. लग्न लागलं. नात आईसंगं गेली.

आता दिलेल्या सुनेच्या घरी जुन्या सासऱ्यानं सारखी चौकशी करू नये, हे तर कोणालाबी कळतं. नव्या घरात जुनं दुखणं कशाला? तिकडच्या सासूनं सुरुवातीलाच गोड बोलून सांगितलं, की तुमचा फोन आला की पोर दोन दिवस जेवत नाही, जरा आवरतं घ्या. शेषरावानं आवरतं घेतलं. सणासुदीला एखादा फोन, तोबी पोर झोपलेली असायची, निदान तसं सांगायचे. सुमननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, नातीचे फ्रॉक ट्रंकेत घालून कुलूप लावलं. घरात पोरीचं नाव निघेना. शेषराव गल्लीतल्या पोरांकडंबी बघेना.

आणि त्या रत्नागिरीच्या माणसाचा धंदा काय, तर ह्याच काचेच्या पेट्यांचा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. एका उन्हाळ्यात शेषरावानं त्याच दुकानात समुद्राची ऑर्डर दिली. माझं डोकं फिरलं. ज्यानं सून नेली, नात नेली, त्याचाच गल्ला तू भरायलास, तुला काही वाटतं का, असं मी तोंडावर इचारलं. म्हणला, खाऱ्या पाण्यातलं त्यालाच कळतं.

पहिली खोट पाण्यातच निघाली. शेषरावाच्या बोरचं पाणी इतकं खारं, की जनावर तोंड लावत नाही. हा खूश. समुद्र आपल्या पायाखालीच हाय म्हणला आणि भरली पेटी. रत्नागिरीहून सांगणं आलं की जमिनीचा खार वेगळा, समुद्राचा वेगळा; फिल्टरचं पाणी घ्या आणि आम्ही देतो ते मीठ कालवा. उपसली पेटी. पाहुण्यांच्या तांब्यात बोटं बुडवणारा हा, घरच्याच पाण्यात फसला.

दुसऱ्या खेपेला त्यानं सगळे कॉक पितळी बसवले. आमच्या भागात प्लास्टिकचा कॉक बसवणारा म्हणजे हलका फिटर. शेतकरी आधी कॉक हातात जोखतो, मग फिटरला चहा सांगतो. शेषरावानं चिंच लावून ते कॉक सोन्यागत घासले, गल्लीला बोलावून दाखवले. तर म्हणे पितळेचा अंश पाण्यात उतरतो आणि ते फुलासारखे जीव मरतात. प्लास्टिकचे बसवताना त्याचं तोंड असं झालं होतं, जणू व्याह्याला पाटावर आणि ह्याला उकिरड्यावर पंगत वाढली.

मग आली लाईटची गोष्ट. विहिरीवर लाईट गेली की पाईपातलं पाणी खाली उतरू नये म्हणून आम्ही तळाला झडप बसवतो. ह्यानं समुद्रालाबी झडप बसवली. आता शेतात मीठ कुठं असतं? इथं झडपेत मिठाचा खडा धरला आणि ती उघडीच राहिली. लाईट गेली, वरच्या पेटीतलं पाणी उलटं खाली आलं, खालची पेटी भरून वाहिली आणि समुद्र भिंतीखालून माझ्या अंगणात आला. ऐन बहरातलं लिंबाचं झाड उभं वाळलं.

मी भांडायला गेलो. शेषराव फडक्यानं फरशी पुसत राहिला. सुमन मात्र बाहेर आली. म्हणली, "दाजी, झाड मी तुमाला दुसरं आणून देते. ह्यांना दुसरं मन कुठून आणून देऊ?" बाईमाणसाशी काय बोलणार? माघारी आलो.

तिकडून सांगितलं की झडप काढून टाका, परतीच्या पाईपाला पाण्याच्या जरा खाली बारीक भोक पाडा; लाईट गेली की भोकातून हवा शिरेल आणि पाणी उतरायचं थांबेल. तसं केलं. थांबलं. मला वाटलं, सुटलो. कुठलं काय. आज म्हणे मोटार आवाज करती, उद्या एल्बो, म्हणजे पाईपाची वळणं, जास्त झाली म्हणून जोर पडेना, परवा फेस काढायचं यंत्र छोटं पडलं, मग दिवा लय निळा झाला. चांगला बसवलेला पाईप हा करवतीनं कापायचा आणि परत नवा जोडायचा. पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा वास आमच्या भाकरीला येऊ लागला. मी दोनच अर्थ लावले. एक तर तिकडचा माणूस ह्याला लुटायलाय, नाही तर ह्याचं डोकं गेलंय. गल्लीतबी तेच सांगितलं.

परवा आमच्या भिंतीला पांढरा खार फुटलेला दिसला. हातानं चोळलं तर पोपडा निघाला. घर मी स्वतः विटा वाहून बांधलेलं आहे. आता सोक्षमोक्षच करायचा म्हणून चार वाजायच्या सुमाराला तणतणत निघालो. एक तर समुद्र राहील, नाही तर आपली सोयरीक, असं बोलायचं ठरवून गेलो होतो.

दार लोटलेलं होतं. आत बघितलं तर पेटी चालू. पाणी असं नितळ, की काच आहे का नाही कळेना. दगडांवर ते जीव उघडले होते, हलत होते. दोन नारंगी मासे एकामागं एक फिरत होते. पाणी पडत होतं, चढत होतं, एक थेंब कुठं गळत नव्हता. खोटं कशाला बोलू, बघत राहावं असं होतं.

शेषराव स्टुलावर बसला होता, माझ्याकडं पाठ. त्यानं एकदा सगळ्या सांध्यांवरून हात फिरवला. मग खाली वाकून मोटारीपाशी जो हातानं फिरवायचा सांधा असतो, तो आपल्या हातानं सैल केला. पाणी ठिबकायला लागलं. त्यानं खाली पातेलं सरकवलं, हात धोतराला पुसले आणि फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्यानं बोलायचा लावतो.

तिकडून वंदनाच्या नव्या सासूचा, त्या म्हातारीचा आवाज आला, कोण म्हणून.

"मी मानवतचं गिऱ्हाईक बोलतोय. सांधा गळायलाय जरा."

म्हातारीनं आत हाक मारली, "गौरी, ये गो. मानवतचं गिऱ्हाईक आहे."

पळत आल्याचा आवाज झाला.

"आजोबा, आज काय फुटलं?"

"सांधा गं बाई. मोटारीपाशचा."

"बाबा बाहेर गेलेत. आले की सांगू?"

"त्यांना कशाला तरास. तूच सांग की. कसा बसवायचा असतो?"

आणि ती सांगायला लागली. आधी मोटार बंद करा. मग वायसर बघा, आहे का. सांध्याचे आटे नीट धरा, जोर नका लावू. मधेच शाळेतलं काहीतरी सांगायची, परत आट्यांवर यायची. शेषराव म्हणायचा, हं, मग? वायसर आधी का आटे आधी? ती म्हणायची, किती वेळा सांगायचं, आजोबा. तो म्हणायचा, म्हाताऱ्याच्या ध्यानात न्हाई राहत, परत सांग. सुमन आतल्या दाराला टेकून उभी होती, पदर तोंडाला. तिनं मला बघितलं, पण या म्हणली नाही.

पातेलं भरत आलं होतं. त्यानं पायानं दुसरं सरकवलं.

मी तसाच फिरलो. घरी आलो तर कौसा, माझी बायको, भिंतीपाशीच उभी. बोललात का, म्हणून इचारलं. म्हणलं, फोनवर होता.

"मग?"

"मग काय. मिस्तरी बघतो. आपल्या अंगानं भिंतीला सिमेंट मारून घेऊ."