जावईबापूंचा मुरांबा

धोंड्याच्या महिन्यात जावयानं सासुरवाडीला जावं, पुरण भरलेले धोंडे खावेत, अनारशांचं वाण घ्यावं, नवा शर्ट काखेत मारावा आणि ढेकर देत घरी यावं, एवढंच त्याचं काम असतं. अधिक महिना येतो तो जावयांच्या सोयीसाठीच, अशी रावेतच्या निरंजनची समजूत होती. (पंचांगात दुसरं कारण दिलेलं असतं, ते त्यानं वाचलेलं नव्हतं.) पण यंदा त्याच्या डोक्यात आलं की सारखं घ्यायचंच काय म्हणून? या खेपेला आपणही सासूबाईंना काहीतरी द्यावं, आणि तेही विकतचं नाही, स्वतःच्या हातचं. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. मग तो म्हणाला, "मुरांबा करतो."

त्याची बायको दिपाली मेथी निवडत होती. तिचा हात थांबला, कारण मुरांबा हा तिच्या आईचा, म्हणजे पिंपळे गुरवच्या सुभद्राबाईंचा प्रांत होता. निरंजननं तो पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा चमचा तोंडात ठेवून तो तसाच बसून राहिला होता. कैरीची फोड आरपार दिसणारी, दाताखाली जेमतेम टिकणारी. आंबट कुठं संपतं आणि गोड कुठं सुरू होतं, ते त्याला आजतागायत सापडलेलं नव्हतं. असा मुरांबा करणाऱ्या बाईसमोर मोठ्यानं खोकायलाही त्याला संकोच वाटायचा.

सुभद्राबाईंनी मात्र लग्न झाल्यापासून त्याला एका शब्दानं बरं म्हटलेलं नव्हतं. वाईटही नाही. "बसा" म्हणायच्या, "वाढा त्यांना" म्हणायच्या, की संपलं. मागच्या धोंड्याला तो जेवता जेवता पाटावरच झोपला, तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. उशी तेवढी पाठवून दिली. त्या तोंडून एकदा, फक्त एकदाच, "चांगलं केलंत जावईबापू" ऐकायला मिळावं, एवढी त्याची इच्छा होती. हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दिपालीला ते न सांगताच कळलेलं होतं, म्हणून ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

रविवारी मुरांबा झाला. फोनवरच्या व्हिडिओत एका बाईनं पाक एकतारी करा म्हणून सांगितलं, दुसरीनं दोनतारी. निरंजन चाकणच्या कंपनीत नट-बोल्ट तपासणारा माणूस. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. दिपाली गॅस बंद कर म्हणत होती आणि तो सेफ्टी म्हणून आणखी थोडा, आणखी थोडा करत पाक उकळत होता. सगळं काचेच्या बरण्यांत भरून झाल्यावर त्याला ओट्यावर वेलचीची डबी दिसली. ती उघडायचीच राहिली होती.

पण त्याला खरी काळजी होती झाकणांची. रावेतहून पिंपळे गुरवला बाइकवरून न्यायचं, वाटेत खड्डे, पाक सांडला तर दिपालीच्या साडीचं काय? शिवाय सैल राहिलेली गोष्ट त्याला बघवतच नसे. घरातला नळ तो असा काही बंद करायचा की पाणी हवं असलं तर दिपालीला त्यालाच हाक मारावी लागे. म्हणून तो आदल्या दिवशीच दापोडीला बरकतच्या गॅरेजमध्ये गेला होता आणि ऑइल फिल्टर फिरवायचा पट्ट्याचा पाना मागितला होता. बरकतनं गाडी कोणती म्हणून विचारलं. निरंजन म्हणाला, मुरांबा. बरकतकडे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येत. त्यानं पुढं काही न विचारता पाना काढून दिला.

बरण्या गरम होत्या तोवरच निरंजननं पाना लावून एकेक झाकण आवळलं. गार झाल्यावर झाकणं मधोमध आत ओढली गेली. त्यांवर टिचकी मारून तो बराच वेळ नुसता बघत राहिला. आपल्या हातून असं काही घडू शकतं, याचं त्याला फार नवल वाटत होतं. (पातेलं भिजत टाकलं होतं आणि ते काही केल्या सुटत नव्हतं. पाक चिवट झाला म्हणजे उत्तम झाला, असा त्यानं त्याचा अर्थ लावला.)

थेट सासूबाईंना देण्याआधी ट्रायल घ्यायला हवी होती. एक बरणी बरकतला गेली, एक समोरच्या कौशल्याबाईंना, बाकीच्या कंपनीतल्या लोकांना. आणि काय सांगावं, कौतुकाची नुसती रीघ लागली. बरकतचा आवाजी मेसेज आला की भाऊ, लाजवाब, घरात सगळे बोटं चाटताहेत. कंपनीच्या ग्रुपवर अंगठेच अंगठे. कौशल्याबाई तर जिन्यात थांबवून म्हणाल्या की सगळं छानच, पण वेलचीचा वास म्हणजे काय विचारता.

दिपाली घरात आल्यावर हळूच म्हणाली, "वेलची राहिली होती ना?"

"तीच तर कमाल आहे," निरंजन म्हणाला. "न घालता लागतेय."

दिपालीनं सुचवून पाहिलं की एक बरणी उरलीय, ती आपण आधी उघडून चाखू. पण ती सासूबाईंची होती आणि तिचं सील मोडणं त्याला पाप वाटलं. बरणीच्या गळ्यात लाल रिबन बांधून तो ती उराशी धरून पिंपळे गुरवला घेऊन गेला. म्हणजे बाइक दिपालीनं चालवली.

जेवणं झाली. धोंडे झाले, वाण झालं, शर्ट झाला. मग निरंजननं घसा खाकरून बरणी सुभद्राबाईंपुढं ठेवली. त्यांनी ती उजेडाकडं धरून फिरवली.

"तुमी केला?"

"हो, मामी. सगळ्यांना आवडला."

सुभद्राबाई भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "वाटी आना." दुसऱ्याच्या हातचा मुरांबा खायला त्यांनी वाटी मागावी, ही त्या घरातली मोठीच घटना होती. आतल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. निरंजननं लाल रिबन सोडून खिशात घातली.

बरणी उघडायला दिपालीच्या भावाकडं, सयाजीकडं दिली. सयाजी रोज जिममध्ये जाणारा गडी. त्यानं एका हातानं फिरवलं, मग दोन्ही हातांनी. टॉवेल घेतला. गरम पाणी आणलं. बरणी मांडीत दाबून जोर लावला, तेव्हा त्याच्या शर्टाचं बटण उडालं आणि झाकण होतं तिथंच राहिलं. निरंजननंही हात लावून बघितला. त्याचं बटणसुद्धा उडालं नाही. पाना घरी राहिला होता.

सयाजी तळहात फुंकत म्हणाला, "दाजी, बाकीच्यांनी कसा उघडला?"

साधाच प्रश्न होता, पण निरंजननं तो स्वतःला कधी विचारला नव्हता. त्याला कौशल्याबाईंची वेलची आठवली. तो फोन घेऊन ओसरीवर गेला आणि बरकतला लावला. खरं सांग, मुरांबा खाल्लास का, असं विचारलं. 

"भाऊ, उघडणार कशानं?" बरकत म्हणाला. "पाना तर तुमच्याकडं आहे."

"मग लाजवाब कशाला म्हणालास?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं दिला. बायकोनं शोकेसमध्ये ठेवलाय, टीव्हीच्या शेजारी. फार छान दिसतो."

निरंजन ओसरीवरच थांबला. लाज तर वाटलीच, पण तिच्या मागोमाग त्याला लोकांचं आश्चर्य वाटायला लागलं. केवढी ही माणसं. न उघडलेल्या बरणीची चव घेतात, न घातलेल्या वेलचीचं कौतुक करतात, आणि तेही एवढ्यासाठी की समोरच्याचं मन मोडू नये. त्याला भरून आलं. आत जाऊन बरणी मुकाट्यानं परत पिशवीत घालायची, असं ठरवून तो वळला.

आत बरणी सुभद्राबाईंच्या मांडीत होती. त्यांनी उलथन्याचं टोक झाकणाच्या कडेखाली सरकवलं आणि जरासं उचललं. टक् असा आवाज झाला. मग त्यांनी, पदर नीट करावा तितक्या सहज, झाकण फिरवून बाजूला ठेवलं. सयाजीनं तळहात पाठीमागं लपवले. निरंजनला सगळ्यांसमोर त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

पण अजून मुरांबा बाहेर यायचा होता. चमचा आत जाईना. गेला तो वाकला. शेवटी उलथन्यानंच एक खडा निघाला आणि सुभद्राबाईंनी तो तोंडात टाकला.

 सुभद्राबाईंचे दात अजून सगळे स्वतःचे होते, म्हणून निभावलं. त्यांचा जबडा एकदा डावीकडं गेला, मग उजवीकडं, मग मधोमध अडकला आणि तिथंच राहिला. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडायचा प्रयत्न केला, ते उघडेना. घरातल्या कुणीही त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. पाणी आलं, चहा आला, चहाच्या वाफेनं जरा सैल पडलं. त्यांनी घोट गिळला, निरंजनकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या,

"झाकन चांगलं लावलंय."

आणि उठून आत गेल्या.

परतताना निरंजन हवेत होता. चांगलं, हा शब्द आला होता. कशाबद्दल आला, हे बारकाव्यात जाणं झालं. दिपालीनं ते त्याला बारकाईनं समजावून सांगायचं टाळलं.

पुढच्या रविवारी सुभद्राबाईंचा फोन आला, दिपालीच्या नाही, थेट निरंजनच्या फोनवर. असं याआधी कधी झालं नव्हतं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि एका हातानं शर्टाची कॉलर सारखी केली.

"जावईबापू," सुभद्राबाई म्हणाल्या, "लोनचं घातलंय. दर साली त्येल गळतं. झाकनं लावाय या."

"आलोच, मामी."

"अन् नुसती झाकनंच लावा. आत काय घालायचं ते माझं मी बगते."

निरंजननं फोन ठेवला आणि कपाटातून धोंड्याचा नवा शर्ट काढला. मामींनी बोलावलंय, खास मलाच, एवढंच त्यानं दिपालीला सांगितलं. झाकणांचं काही बोलला नाही. दिपालीनंही विचारलं नाही. तिनं पाना पुसून पिशवीत आधीच ठेवला होता.